रोज फिरायला जाता पण काही दिसत नाही? हिवाळ्यात बागेतले पक्षी, झाडं आणि बदलता ऋतू बघायची पद्धत

दर वर्षी थंडी पडली की ओळखीतलं कोण ना कोण गाठतं आणि तेच म्हणतं, "मी रोज आमराईत तीन राऊंड मारतो, मला तर कावळे, साळुंक्या आणि कबुतरं सोडून काय दिसत नाही बुवा, तुम्हालाच बरं दिसतं." मग मी विचारतो किती वाजता जाता, कुठनं जाता, कोणाबरोबर जाता, आणि उत्तरं ऐकली की कळतं, पक्षी आहेत तिथंच आहेत, ह्यांचा क्रम चुकतोय. दुर्बीण आधी लावतात, नाव लगेच शोधतात, ऐकायचं तर नाहीच, आणि एका रविवारी सगळं बघून संपवायचं असतं. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. सांगलीची आमराई बाग आणि कृष्णाकाठ डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय, पण साताऱ्यात गोडोली तळ्याकडं किंवा अजिंक्यताऱ्याच्या वाटेनं फिरणाऱ्यांनी पण हाच क्रम धरला तरी चालेल.

टप्पा १ : घरातनं निघायच्या आधी

सामान फार लागत नाही. खिशात मावेल अशी वही, पेन्सिल (दवानं ओल्या झालेल्या कागदावर पेन चालत नाही), घड्याळ, पाण्याची बाटली, आणि असेल तर दुर्बीण. नसेल तर पहिला महिना नसलेलीच बरी, खरंच सांगतो, कारण दुर्बीण हातात आली की माणूस झाडाकडं बघायचं सोडून भिंगात बघायला लागतो.

घ्यायचीच असेल तर ८ बाय ४२ घ्या. पहिला आकडा म्हणजे आठ पट मोठं दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दुकानदार दहा, बारा, वीस पट असं सांगत सुटतो आणि आपल्याला वाटतं जास्त तेवढं चांगलं. पण जितकी पट वाढते तितका हात थरथरलेला पण मोठा दिसतो आणि दिसणारा भाग लहान होतो, त्यामुळं फांदीवरचा वटवट्या (चिमणीपेक्षा लहान, चपळ पक्षी) सापडायच्या आत उडून जातो.

आता जे दहातल्या नऊ जणांनी केलेलं नसतं ते. दुर्बीण आपल्या डोळ्यांना लावून घ्यायची असते, एकदाच, आणि घरीच किंवा बागेच्या गेटवर:

१. मधला सांधा उघडझाप करून दोन गोल एकात आणा.
२. चष्मा असेल तर डोळ्याकडचे रबरी कप खाली करा, नसेल तर वर.
३. लांबची एखादी पाटी धरा, "फुले तोडू नयेत" वगैरे. उजवं पुढचं भिंग हातानं झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा.
४. आता डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवून तीच पाटी स्वच्छ करा.
५. ती कडी कुठल्या खुणेवर आली ते वहीत लिहून ठेवा. इथनं पुढं फक्त मधलं चाक.

*तपासणी :* दोन्ही डोळ्यांनी पाच मिनिटं बघून डोकं जड वाटलं तर चौथी पायरी परत करा. आणि घरात कोणी "बघू जरा" म्हणून घेतली तर कडी हललेली असणार हे गृहीत धरा.

कपडे मळखाऊ, खाकी, करडे. ते पोपटी ट्रॅकसूट राहू द्या. आणि माकडटोपी घालू नका. मी स्वतः एक पूर्ण डिसेंबर माकडटोपी घालून फिरलो आणि ह्या वर्षी पक्षी गप्पच आहेत म्हणून सगळ्यांना सांगत बसलो, शेवटी पुतण्यानं टोपी वर करून दाखवली. थंडी वाजत असेल तर गळ्याला मफलर, कान मोकळे.

टप्पा २ : रस्ता ठरवा, आणि मग तो बदलू नका

सगळ्यात मोठी चूक इथं होते. सोमवारी आमराई, बुधवारी नदीचा घाट, रविवारी गाडी काढून सागरेश्वर अभयारण्य. भटकंती म्हणून ठीक आहे पण ह्यानं ऋतू दिसत नाही. पानगळ सुरू झाली हे कळायला तेच झाड गेल्या आठवड्यात कसं होतं ते बघितलेलं पाहिजे ना.

एक किलोमीटरच्या आतला रस्ता घ्या आणि त्यावर थांबायच्या पाच जागा ठरवा. निवडताना एवढं बघा:

एक जागा मोठ्या जुन्या झाडाखाली (वड, उंबर, पिंपळ, काय असेल ते). एक जिथं भिंत किंवा कंपाउंड आणि मोकळी जमीन आहे. एक पाण्याजवळ, मग ते गळणाऱ्या नळाखालचं डबकं असलं तरी चालतं, उलट मला तर नळच जास्त आवडतो, सगळी बाग तिथं प्यायला येते. एक झुडपांची, जिथं माळ्याचा झाडू कमी फिरतो. आणि एक जिथनं आभाळ मोकळं दिसतं.

मग ह्या रस्त्यावरची पाच झाडं पक्की करा. आंबा घ्याच. देशी बदाम घ्या, काटेसावर असेल तर सोडू नका, बाकी बहावा, शिरीष, चिंच, करंज जे असेल ते. झाडाला खडूनं नंबर घालू नका, खिळे ठोकणं तर सोडाच, वहीत नकाशा काढला की काम झालं.

चालायची दिशा पण ठरवा. सकाळी सूर्य पाठीशी पाहिजे, म्हणजे पूर्वेकडनं सुरू करून पश्चिमेकडं जायचं. उलट गेलात तर समोरचा प्रत्येक पक्षी काळा दिसतो आणि मग सगळे कोतवाल (हा पक्षी मुळातच काळा) होतात.

*सावधान :* रस्ता नदीवर नेत असाल तर घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरनंच बघायचं, पाण्याला लागून चालायचं नाही. सांगलीच्या आसपास कृष्णेत मगरी आहेत हे नवीन सांगायला नको, आणि हिवाळ्यात त्या उन्हाला काठावर येऊन पडतात, मातीच्या रंगात अशा मिसळतात की दहा फुटांवरनं कळत नाही. बागेत वाळक्या पानांच्या ढिगात पाय घालू नका, घोणस हिवाळ्यात चांगली हिंडती असते. आणि उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ असेल तर त्याच्याखाली अत्तर, धूर, दगड ह्यातलं काहीही नको.

टप्पा ३ : वेळ

पहाटे पाचला निघणारे खूप भेटतात. तब्येतीला उत्तम, पण बघायला काही नाही, अंधार आहे. सांगलीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साधारण साडेसहाला उगवतो, २२ डिसेंबरच्या सुमाराला सहा पंचावन्नच्या आसपास, आणि गंमत म्हणजे सगळ्यात लहान दिवस होऊन गेला तरी उगवायची वेळ अजून पुढंच सरकत राहते, जानेवारीच्या मध्याला सात वाजून चार-पाच मिनिटं होतात. संक्रांतीपासनं दिवस मोठा होतो असं डोक्यात असतं म्हणून लोक जानेवारीत लवकर जातात आणि धुक्यात उभं राहून परत येतात.

माझा हिशोब असा. पक्ष्यांसाठी सूर्य उगवल्यावर १५-२० मिनिटांनी पहिल्या जागेवर हजर, तिथनं सव्वा तास. शेंड्याला ऊन लागलं की पक्षी आधी तिथंच येतात. फुलपाखरांसाठी एवढ्या लवकर जाऊन उपयोग नाही, त्यांचं अंग उन्हानं तापल्याशिवाय ती उडतच नाहीत, नऊ-साडेनऊनंतरची एक फेरी रविवारी ठेवा. त्यातल्या त्यात नऊला गेलात तर पंख पसरून ऊन खात बसलेली सापडतात आणि तेव्हा ती आरामात जवळनं बघता येतात. संध्याकाळची फेरी महिन्यातनं एकदा-दोनदा, पावणेसहाला मोकळ्या आभाळाच्या जागेवर, थव्यांसाठी.

आठवड्यातनं एक दिवस पुरे, दोन झाले तर उत्तम. पण तोच वार, तीच वेळ.

टप्पा ४ : जागेवर पोचल्यावरचा क्रम

प्रत्येक जागेवर दहा मिनिटं. दहा म्हणजे घड्याळ लावून दहा, कारण उभं राहिलं की दोन मिनिटांत आपल्याला दहा झाल्यासारखी वाटतात.

पहिली दोन मिनिटं काहीच करायचं नाही. तुम्ही आलात म्हणून जे गप्प झालेत ते परत बोलायला लागेपर्यंत थांबायचं.

पुढची दोन मिनिटं फक्त ऐकायचं, मान खाली घालून. किती वेगवेगळे आवाज आहेत ते बोटांवर मोजा, नावं नकोत. इथं एक फसगत ठरलेली आहे : "चिप चिप चिप" असा तासभर एका सुरात चाललेला आवाज पक्ष्याचा समजून लोक झाड धुंडाळतात आणि वर खारूताई शेपूट हलवत बसलेली असते. पण तो आवाज सोडू नका. खार आणि बुलबुल एकदम कलकलाट करायला लागले की शिक्रा (शिकारी पक्षी) आलाय का, खाली मांजर, मुंगूस किंवा साप आहे का ते बघा. आणि सगळंच एकदम गप्प झालं तर वर आभाळात बघा.

मग नुसत्या डोळ्यांनी हालचाल शोधायची. जमीन, मग खोड, मग मधल्या फांद्या, मग शेंडा. पक्षी शोधू नका, हलणारं पान शोधा, वाऱ्याच्या उलट हलणारं.

आणि आता दुर्बीण. नजर पक्ष्यावरनं काढायची नाही, दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. खाली बघून दुर्बीण धरली आणि मग वर बघितलं की तो गेलेला असतो, किंवा असतो तिथंच पण सापडत नाही.

शेवटी झाड बघायचं, आणि झाडाखाली पण. चावून टाकलेले बदाम पडलेत का, म्हणजे रात्री वटवाघळं येऊन गेलीत. विष्ठेचे पांढरे डाग एकाच फांदीखाली असतील तर वर कोणाची तरी ठरलेली जागा आहे, पिंगळ्याची (लहान घुबडाची) पण असू शकते.

*सावधान :* मोबाईलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला आणि तो खायचं सोडून भांडायला येतो. शेव, फरसाण, भडंग, चपातीचे तुकडे पण टाकायचे नाहीत, त्यानं वाढतात ती कबुतरं, कावळे आणि उंदीर.

टप्पा ५ : नाव सगळ्यात शेवटी

रंगावरनं नाव शोधायला गेलात की संपलं. धुक्यात आणि सावलीत रंग फसवतो. आधी वहीत लिहा : चिमणी, साळुंकी, कावळा ह्यातल्या कोणाएवढा होता, कुठं बसला होता (जमीन, भिंत, तार, शेंडा), शेपूट काय करत होता, चोच जाड की बारीक. एवढं लिहिलं की नाव निम्मं सापडलेलं असतं.

हिवाळी पाहुण्यांत लोक कुठं चुकतात ते जरा सविस्तर सांगतो.

धोबी. पाण्याजवळ शेपूट वरखाली करणारा काळापांढरा धोबी दिसला की "पाहुणे आले" म्हणून मेसेज फिरतो. डोकं काळं आणि डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असेल तर तो मोठा धोबी, तो बारा महिने इथलाच आहे. ज्याचा चेहरा पांढरा आणि पाठ राखाडी तो पांढरा धोबी, हा पाहुणा. आणि पाठ करडी, शेपटीखाली पिवळं, तो करडा धोबी, तो पण पाहुणा आणि पुष्कळदा सगळ्यांच्या आधी हाच हजर होतो.

थिरथिरा. भिंतीवर, दगडावर, कंपाउंडवर बसून सतत थरथरणारी तांबूस शेपटी. नर काळा आणि पोटाला विटकरी, मादी फिकट तपकिरी. मादीला लोक चिरक समजतात. शेपटी बघा, चिरक शेपूट पाठीवर उभं करतो, थिरथिरा ते थरथरवतो. हा जागा धरून राहणारा पक्षी आहे, एकदा भिंत सापडली की हिवाळाभर तिथंच भेटतो, म्हणून सुरुवात करायला ह्याच्यासारखा दुसरा नाही.

लाल छातीचा माशीमार. नाव ऐकून लोक लाल छाती शोधतात, पण माद्या आणि पिल्लांना लाल काही नसतंच. काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन बाजूंना पांढरे ठिपके आणि शेपूट झटकन वर उचलायची सवय, ही खूण. आवाज सुकलेली काडी मोडल्यासारखा, "टिर्रर्र".

शेंड्यातले वटवट्ये. हिरवट, चिमणीपेक्षा लहान, एक क्षण स्थिर नाहीत. ह्यांच्या मागं पहिल्या वर्षी लागू नका, मान मोडते. "चिस्वी" असा टोकदार आवाज दिवसभर येत राहिला तर "वटवट्या, शेंडा" एवढं लिहून पुढं चला. डोळ्याभोवती पांढरं कडं दिसलं तर तो चष्मेवाला, तो वेगळा आणि आपलाच.

भोरड्या. गुलाबी अंग, काळं डोकं, मैनेएवढ्या. पण थव्यात मळकट तपकिरी पिल्लं पण भरपूर असतात आणि ती ओळखू येत नाहीत म्हणून लोक सगळ्यांनाच साळुंक्या लिहितात. दिवसभर शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) रानात आणि संध्याकाळी मोठमोठे थवे करून झोपायच्या झाडांकडं. मोकळ्या आभाळाची जागा ह्यांच्यासाठी. मोजताना एक एक मोजायला जाऊ नका, दहाचा एक पुंजका नजरेत बसवा आणि असे किती पुंजके बसतात ते बघा.

ॲप वापरायचं तर मर्लिन बरं आहे, आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव सांगतं, भारताचा संच घरच्या वायफायवर आधी उतरवून घ्या. पण ते सुचवतं, निकाल देत नाही. एकदा डिसेंबरात माझ्या फोननं कोकीळ दाखवला, मी खूश, आणि मागच्या बाकावरच्या काकांनी खिशातनं फोन काढून "हॅलो" म्हटलं. तर ॲपनं दाखवलेलं नाव डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत घालायचं नाही.

टप्पा ६ : झाडांची नोंद

पक्षी उडून जातो म्हणून त्याची घाई, झाड कुठं जातंय, म्हणून त्याच्याकडं कोणी बघत नाही. खरं तर ऋतू आधी झाडावरच दिसतो.

पाच झाडांपुढं दर आठवड्याला सहा रकाने भरा : कोवळी पानं, पिकली पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकली फळं. प्रत्येकात ०, १ किंवा २. नाही, थोडं, भरपूर. झालं, दोन मिनिटांचं काम. सीझनवॉच नावाच्या उपक्रमात देशभर लोक साधारण अशाच नोंदी करतात, वाटलं तर आपलं झाड तिथं पण नोंदवता येतं. महिन्यातनं एकदा त्याच जागेवर उभं राहून त्याच फांदीचा फोटो.

आंब्यात दोन चुका नेहमीच्या. तांबूस कोवळी पालवी लांबनं मोहोरासारखी वाटते, जवळ जाऊन बघा. आणि एका बाजूला मोहोर, दुसरी बाजू कोरी असं असतं, म्हणून झाडाला पूर्ण गोल फेरी मारल्याशिवाय ० लिहायचं नाही. मोहोर फुलला की पाच मिनिटं तिथं उभं राहून कोण येतंय ते बघा, मधमाश्यांपेक्षा साध्या माश्याच जास्त दिसतील, परागीभवनाचं बरंचसं काम त्याच करतात. झाडाखालची पानं चिकट, चकचकीत झाली असतील तर तुडतुडे लागलेत, तेही लिहा.

*तपासणी :* सलग तीन आठवडे पाचही झाडांचे आकडे जसेच्या तसे येत असतील तर तुम्ही झाड न बघता गेल्या वेळचं उतरवताय.

टप्पा ७ : कुठल्या महिन्यात काय शोधायचं

हे ढोबळ आहे, थंडी आणि पावसाप्रमाणं मागंपुढं होतं.

नोव्हेंबर : सुरुवात करायला बरी वेळ म्हणजे ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह असतो. थिरथिऱ्याची भिंत शोधा. सप्तपर्णीचा डोक्यात जाणारा वास ओसरत असतो, बुचाची पांढरी फुलं सकाळी रस्त्यावर पडलेली असतात. गवतावर दव आणि कोळ्यांची जाळी, हे सूर्य तिरपा असतानाच दिसतं, अर्ध्या तासात गायब. फुलपाखरं अजून भरपूर, पुढं कमी होत जातील.

डिसेंबर : देशी बदामाची पानं लाल व्हायला लागतात. काटेसावर उघडी पडते. शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळतात. कोकीळ बागेतच असतो पण गप्प, उंबरावर फळं खाताना सापडतो.

जानेवारी : धुकं, त्यामुळं फेरी पंधरा मिनिटं उशिरा. बोरं, चिंचा पिकायला लागतात, आंब्याला मोहोर. गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्यांना गुलाबी फुलं. घारी काटक्या नेताना दिसतात का बघा, घरटं बांधायचे दिवस आहेत.

फेब्रुवारी : ह्या महिन्यात एक दिवस पाच जागांचा नियम मोडा. काटेसावर फुलली की तिच्याखाली सलग वीस मिनिटं उभं राहा, सूर्य पाठीशी. साळुंक्या, भोरड्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी, कावळे, खारी, सगळ्यांची जत्रा त्या एका झाडावर असते. पळस, पांगारा पण पेटतात. तांबटाचं "टुक टुक टुक" वाढतं, दयाळ गायला लागतो. ह्याच महिन्यात चार दिवसांची जगभरची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असते, कमीत कमी १५ मिनिटं पक्षी मोजून ईबर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची, एवढंच. तोपर्यंत तुमचा हात बसलेला असतो.

टप्पा ८ : "नाही" लिहायचं

पाहुणा आला ती तारीख सगळे लिहितात, गेला ती कोणाकडंच नसते. कारण दिसला नाही की काही लिहायचं नाही अशी सवय. मार्च लागला म्हणून फेरी बंद करू नका. थिरथिऱ्याच्या भिंतीपाशी दहा मिनिटं थांबा आणि दिसला नाही तर तारीख घालून "नाही" लिहा. तीन आठवडे सलग "नाही" आलं की त्याच्या आधीची तारीख म्हणजे तो शेवटचा दिसला तो दिवस, त्याखाली रेघ मारा. वहीत कोकिळाचं पान एव्हाना उघडावंच लागतं, पहाटे पाचला ओरडून तो तुम्हाला उठवत असतोच.